बी बाजू

माझ्याकडं साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. 1987 च्या जयंतीला मेडशीत, आमच्या वस्तीत भरलेली. तेव्हा मेडशी अकोला जिल्ह्यात होती; वाशीम जिल्हा झाला 1998 ला. ए बाजूला माझी माय भीमगीतं गाते. माय आता नाही. तिचा दुसरा आवाज जगात कुठंच नाही.

गेल्या पावसाळ्यात पट्टीवर बुरशी दिसली. पट्टीवर लोखंडी भुकटीचा थर चिकटवलेला असतो. दमटपणानं तो सैल होतो आणि वाजवताना टेपच्या हेडला लागून निघतो. म्हणजे ऐकायचं तेवढी माय खरडायची. म्हणून पुतण्यानं वायर जोडून ती कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. ऐकावंच लागतं.

तर बी बाजूला बाप निघाला. टेप चालूच राहिलेला. माझा बाप म्हणजे 1956 ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, दारूला न शिवलेला माणूस. तो म्हणतो, "चार मानसाइत कायले गाणे म्हन्तं वं? इज्जत घालवली माही." मग भांडं आदळतं. पुढं सहा मिनिटं कुत्रं भुंकतं, लांबचा भोंगा वाजतो. मायचा शब्द नाही. त्यानंतर ती जयंतीत कधी गायली नाही. का, ते मला आत्ता कळलं.

पुतण्या म्हणाला, "काका, हे कापून टाकू. वाचनालयात लावाची हाय. आबाचं नाव हाय गावात."

मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू? आमचं कोणी जपून ठेवलं नाही. बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली, तेव्हा ती आज डोळ्यांनी दिसते. इतक्या कष्टानं उरलेलं, ते डागासकट चारचौघांत मांडायचं? 'बघा यांची घरं' म्हणायला लोक टपलेलेच आहेत.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर मानायचे, की चांगलं-टुकार निवडणं हे जपणाऱ्याचं काम नव्हे, सगळंच जपायचं. बरोबरच आहे. पण नायरांच्या डब्यांत त्यांचा बाप नव्हता.

मग वाटलं, आजवर आम्हाला दुसऱ्यांनी कापलं. आता कात्री माझ्या हाती आली, तर मी पहिल्यांदा कापणार कोणाला? बापाला नाही. गाणारी माय राहील आणि तिला गप्प कसं केलं तेवढं जाईल. बाप तर स्वच्छच होऊन निघेल.

हे मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मायले इचारलं असतं तं थे म्हन्ली असती, कापून टाक. तू कोन लागून गेला तिचं रडनं गावाले आयकवनारा?"

यावर मला उत्तर सुचलेलं नाही. कोणी वर दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठच्या दोन्ही प्लास्टिकच्या चकत्या तोडून टाकल्यात. दोन्ही बाजू उतरवून झाल्यात. वाचनालयात सध्या ए बाजूच दिली आहे. बी बाजू माझ्या घरी आहे, आणि पुतण्या दर रविवारी विचारतो.