साठ लाख पिंपांचा लहान माणूस

लहान कोणाला म्हणावे, हा प्रश्न माणसाला आयुष्यात साधारणपणे दोनदा पडतो. एकदा एस.टी.त अर्धे तिकीट काढताना आणि दुसऱ्यांदा कर्जाचा अर्ज भरताना. पहिल्या वेळी चौदा वर्षांचा घोडा आईच्या मांडीवर बसून अकरा वर्षांचा होतो. दुसऱ्या वेळी तीन गाळ्यांचा मालक माझ्या काउंटरवर कोपरे टेकून म्हणतो, "साहेब, आम्ही आपले छोटे उद्योजक." बँकेतल्या कारकुनाला जो साहेब म्हणतो तो कर्ज मागायला आलेला असतो, हे ओळखायला बी.कॉम. लागत नाही.

पण या प्रश्नाचे खरे तात्त्विक रूप मला दिसले ते बिअरमुळे. बिअर पिऊन नव्हे, तिच्याविषयी वाचून! (हा फरक आमच्या घरात स्पष्ट करावा लागतो.) माझा पुण्यातला पुतण्या दर शनिवारी एका छोट्या ब्रूअरीत जाऊन बसतो. "काका, मोठ्या कंपनीची बिअर पिणं म्हणजे पाप आहे," असे तो मला म्हणाला. आमच्या घराण्यात आजवर पाप बिअर या शब्दापाशीच संपत असे. कंपनीच्या आकारापर्यंत ते पोचलेले पाहून मी त्यात लक्ष घातले.

या 'क्राफ्ट बिअर'चे मोठे माहेरघर अमेरिका. १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या अँकर या मरणपंथाला लागलेल्या ब्रूअरीत पैसे घातले. घराणे वॉशिंग मशीनवाल्यांचे, म्हणजे फेसाची सवय होतीच. तसे पाहिले तर कृती साधी. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडून गरम पाण्यात त्यांचे सत्त्व उतरवायचे, त्यात हॉप्सची कडू फुले उकळायची आणि निवल्यावर यीस्ट सोडून वाट पाहायची. मटकीला मोड आणणारी आणि इडलीचे पीठ आंबवणारी कोणतीही गृहिणी यातले निम्मे काम झोपेत करील. पण अँकरच्या बिअरला चव होती, आणि मोठ्या कारखान्यांची बिअर सगळीकडे सारखीच फिकी. मग आणखी हौशी मंडळी निघाली, आणि आज त्या देशात नऊ हजारांवर ब्रूअऱ्या आहेत.

संघटना झाली की व्याख्या आलीच. ब्रूअर्स असोसिएशनने ठरवले की क्राफ्टवाला 'लहान' हवा, म्हणजे वर्षाला वीस लाख पिंपांच्या आत. पुढे त्यांच्यातलाच एक, सॅम्युएल अ‍ॅडम्सवाली बॉस्टन बिअर कंपनी, वाढत वाढत त्या रेषेजवळ आला. आता आली का पंचाईत! २०१० च्या अखेरीस असोसिएशनने रेष उचलून साठ लाख पिंपांवर ठेवली. एक पिंप सुमारे ११७ लिटरचे. म्हणजे सत्तर कोटी लिटरपर्यंत माणूस लहानच! तेवढी बिअर महाराष्ट्रात वाटली तर तान्ह्या मुलांसकट माणशी पाच लिटर येईल आणि वर उरेल.

मी हसलो नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२५ पासून पंचवीस कोटींची गुंतवणूक आणि शंभर कोटींची उलाढाल असलेला उद्योगही 'लघु'च आहे. माझी उलाढाल पाहता मी कोणत्या रकान्यात बसतो, हे मी अद्याप पाहिलेले नाही.

पण लहान असून भागत नाही, 'स्वतंत्र'ही असावे लागते. मोठ्या दारू कंपनीचा हिस्सा पंचवीस टक्क्यांच्या आतच हवा. जॉन हॉल यांनी १९८८ साली शिकागोत काढलेली गूज आयलंड २०११ मध्ये बड्वायझरवाल्या अ‍ॅनहायझर-बुशने ३ कोटी ८८ लाख डॉलरना घेतली, आणि ती क्राफ्टच्या पंगतीतून उठली. याच बड्या कंपनीने २०१५ साली टीव्हीवर जाहिरात देऊन भोपळा आणि पीच घातलेल्या बिअरची टिंगल केली. भोपळा-पीचची बिअर काढणारी एलिसियन ही सिअ‍ॅटलची ब्रूअरी घेत असल्याचे तिने त्याच्या थोडेच दिवस आधी जाहीर केले होते. घरात सून आणून भिंतीपलीकडे तिच्या माहेरची नक्कल करावी, तसा प्रकार.

आता हॉल यांनी पाप केले का? आमचे हेडकॅशियर म्हणतात, "ज्याची वस्तू त्याने विकली. यात नीती कुठून आली?" हेडकॅशियरांना नोटा मोजताना कोणी तत्त्वज्ञान विचारू नये, पण मुद्दा बिनतोड वाटतो. मला मात्र अकाउंटन्सीचा पेपर आठवतो. धंदा विकताना यंत्रे, माल, इमारत यांच्याखाली एक रकम असे, गुडविल. गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा काढा, दोनाने गुणा, झाले गुडविल. हे गुडविल म्हणजे काय, तर गिऱ्हाइकांची माया. 'आपला माणूस आहे, याच्याकडेच जाऊ' असे म्हणत लोकांनी वर्षानुवर्षे जी माया लावली, ती विकणाऱ्याच्या खात्यात जमा होते. ती विकताना माया लावणाऱ्याची सही कोठेच लागत नाही! मला या परीक्षेत बरे मार्क होते, पण ही नोंद बरोबर कशी, हे अजून कोणी समजावून दिलेले नाही.

चव तीच राहते, हे मी कबूल करतो. आमची छोटी बँक मोठ्या बँकेत गेली तेव्हाही चव तीच होती. तोच काउंटर, तीच दोरीला बांधलेली न उमटणारी पेन, तोच मी. फक्त पाटी बदलली. पेन्शनीत निघालेल्या एक मास्तरीणबाई दर महिन्याला पासबुकातल्या व्याजावरून माझ्याशी भांडत. पाटी बदलल्यावर त्यांनी मुकाट्याने पासबुक घेतले. मीच म्हटले, "बाई, व्याज बघितलंत का?" त्या म्हणाल्या, "आता तुमच्याशी भांडून काय उपयोग? तुमच्या हातात काय आहे?" मला व्याज नीट लावल्याचा इतका खेद कधी झाला नव्हता.

त्या अँकरचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. २०१७ साली ती सप्पोरो या जपानी कंपनीने घेतली आणि २०२३ मध्ये बंद केली. तेव्हा कामगारांनी ती आपणच विकत घेऊन चालवायची खटपट केली. लहान माणसांची ती खटपट काही जमली नाही. २०२४ साली ती हमदी उलुकाया यांनी घेतली. त्यांचा मूळ धंदा दह्याचा. विरजण लावल्यावर भांडे सारखे हलवायचे नसते, एवढे तरी त्यांना ठाऊक असणार.