होडीतल्या माणसाने हात कधी द्यावा?



कळमन्यात बसून समुद्राविषयी लिहिणे थोडे विचित्रच. आपल्याकडे संत्र्यांचे ढीग आहेत, मिरचीची पोती आहेत, मालगाड्यांचे रूळ आहेत. समुद्र मात्र आठशे किलोमीटर दूर. तरीही नागपूरच्या तरणतलावांवर पहाटे सराव करणारी मंडळी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर पोहायला जातात. तेथे राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. शाळकरी मुलांपासून केस पिकलेल्या आजोबांपर्यंत सगळे पाण्यात उतरतात. दिव्यांगांसाठीही गट असतो.

तलावात शिकलेल्या माणसाला समुद्रात पहिली जाणीव होते ती तळाशी काळी रेघ नसल्याची. कठडाही नाही. दमलो तर धरायचे कशाला? श्वास घ्यायला तोंड वळवावे तर तोंडात खारी लाट. आजूबाजूला शंभर जण पोहत असले तरी प्रत्येकाला आपल्याच हातांनी पाणी कापावे लागते. आणि तरीही समुद्रात कोणी एकट्याने पोहू नये, हा सर्वांत जुना आणि शहाणा नियम. म्हणून बाजूने होड्या चालतात. आपण सगळे पोहणाऱ्याकडे पाहतो. मला आज लिहायचे आहे ते होडीतल्या माणसाविषयी.

मोठ्या पल्ल्याच्या पोहण्यात या माणसावर एक कठोर बंधन असते. इंग्लिश खाडीचेच पाहा. सर्वांत अरुंद जागी ती सुमारे ३३ किलोमीटर रुंद. पोहणाऱ्याने होडीला हात लावायचा नाही आणि होडीतल्याने पोहणाऱ्याला स्पर्श करायचा नाही. पाणी, पेज, जे काही द्यायचे ते दोरीने किंवा काठीच्या टोकाला बांधून. एकदा का आधार दिला, की तेवढ्या तासांचा प्रयत्न रद्द. म्हणजे ज्याच्यावर आपली माया आहे, तो चार हातांवर धापा टाकतो आहे आणि आपण हात मागे धरून बसायचे! धैर्याचे मुख्य कर्म चढाई करणे नसून टिकून राहणे हे आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांचे प्रतिपादन आहे. ते वाचताना मला नेहमी पोहणारा आठवत असे. आता वाटते, ते होडीतल्याला अधिक लागू आहे.

पण टिकून राहायचे कुठपर्यंत?

कोलकात्याच्या आरती साहा २७ ऑगस्ट १९५९ रोजी इंग्लिश खाडीत उतरल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. वाट दाखवणारी होडी उशिरा आली, अनुकूल वेळ हुकली. किनारा पाच मैलांवर आला असताना उलटा प्रवाह लागला. त्यांची पोहत राहण्याची तयारी होती, पण होडीवाल्याच्या दबावामुळे त्यांना थांबावे लागले. त्याच्याही आधी, १९२५ मध्ये, अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली हिला प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका पोहणाऱ्याने पाण्यात धरले आणि तिचा प्रयत्न तिथेच संपला. मी ठीक होते, असे तिचे म्हणणे. ती बुडत होती, असे प्रशिक्षकाचे.

दोघींनीही पुढे खाडी पार केली. एडर्लीने १९२६ मध्ये साडेचौदा तासांत. आरती साहांनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी १६ तास २० मिनिटांत, आणि तसे करणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला ठरल्या. म्हणून आपण चटकन म्हणतो की होडीतला माणूस चुकला होता. हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या दिवशी काय होणार होते, हे नंतरच्या दिवसाच्या यशावरून सिद्ध होत नाही. कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये ही खाडी प्रथम पोहून पार केली. त्यानंतर १८८३ मध्ये नायगारा धबधब्याखालच्या भोवऱ्यांत उतरून ते बुडून गेले. खाडी जिंकलेला माणूस आहे, त्याला काय सांगायचे, असे त्या वेळी कोणाला वाटले असेल तर नवल नाही.

आपल्या आगरकरांवर ज्याच्या विचारांचा मोठा प्रभाव होता, त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात जवळजवळ हाच प्रश्न घेतला आहे. एक माणूस मोडक्या पुलावर पाऊल टाकतो आहे आणि सावध करायला वेळ नाही. अशा वेळी त्याला पकडून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नाही. मात्र धोका केवळ संभाव्य असेल, तर सावध करावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. सेमिनरीत हा युक्तिवाद मला अगदी चोख वाटला होता. समुद्रात तो अपुरा पडतो. गार पाण्यात तासन्‌तास राहिलेल्या माणसाचे शरीर थंड पडते, तसा त्याचा विवेकही मंदावतो. तो म्हणतो, मी ठीक आहे. त्याला तसे खरोखरच वाटत असते! म्हणून अनुभवी सोबती त्याच्या शब्दांवर विसंबत नाहीत. मिनिटाला किती हात मारतो ते मोजतात, मधूनच साधे प्रश्न विचारतात आणि जीभ अडखळते का ते ऐकतात.

मिलचा पुलाजवळचा माणूस परका आहे. होडीतला माणूस परका नसतो, निदान नसावा. मुंबईच्या जिया राय हिला स्वमग्नता आहे, तिचे बोलणेही उशिरा सुरू झाले. तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर ८ तास ४० मिनिटांत पोहून पार केले, आणि जुलै २०२४ मध्ये, सोळाव्या वर्षी, इंग्लिश खाडीही. अशा मुलीला दमलीस का असे विचारून काय कळणार? तिचे हात वाचता आले पाहिजेत, आणि ते वाचता येण्यासाठी कितीतरी सकाळी काठावर उभे राहिलेले असले पाहिजे. माझ्या मते ओढून घेण्याचा अधिकार इथून येतो. नात्यातून नव्हे, वयातून नव्हे, आणि क्षमा असावी, धर्मगुरूच्या झग्यातूनही नव्हे. ज्याने पाहिले आहे त्याला तो आहे.

आपल्या वस्तीत असा प्रसंग रोजचा आहे. सत्तरीचे वडील अजून पहाटे उठून बाजारात जातात. मुलगा म्हणतो, आता पुरे, घरी बसा. बसवावे का? मुलीने तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचे ठरवले आहे, थांबवावे का? मी उत्तर देत नाही, पण एक विचारतो. वडील पोते उचलताना हल्ली कोणता हात आधी टेकतात, हे त्या मुलाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर त्याचा निर्णय बरोबर निघाला तरी तो अंदाजच.

उलट बाजूही आहे. मोकळीक देतो असे म्हणत पाठ फिरवणारे पुष्कळ असतात. जुलै २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात वेणा जलाशयावर सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली आणि घरोघरचे मुलगे गेले. नदीवर एक बुडतो, त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात, हेही आपण वर्तमानपत्रात वाचतो. जीवरक्षकांना शिकवतात की आधी काठी पुढे करा, मग दोर टाका, मग नाव न्या. स्वतः पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी. मायेलाही असा क्रम लागतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात पेत्र पाण्यावर उतरतो, त्या प्रसंगात प्रभू त्याला उतरू देतो. वारा पाहून पेत्र घाबरतो, बुडू लागतो, ओरडतो. हात पुढे येतो तो तेव्हा, आणि तत्काळ. तत्काळ पोहोचणारा हात जवळच असावा लागतो.

अशा शर्यतीत किनाऱ्यावर सर्वांत कंटाळवाणे काम मोजणीचे. पहिला कोण आला त्याचे फोटो निघत असतात, पोहे-चहा सुरू झालेला असतो, आणि कोणीतरी कागद घेऊन पाण्यात गेलेले क्रमांक परत आलेल्या क्रमांकांशी जुळवत उन्हात उभा असतो. शेवटचा क्रमांक लागेपर्यंत होड्या परत बोलवायच्या नसतात.