घरकामाचा पगार : हातात की खात्यात?



धुणीभांडी, केरलादी, स्वयंपाक किंवा आजारी आईवडिलांची देखभाल करायला आपल्या घरी येणाऱ्या बाईचा पगार तिच्या हातात रोख द्यावा, की तिच्या बँक खात्यात भरावा? प्रश्न ऐकायला अगदी घरगुती वाटतो. 'जसे जमेल तसे' म्हणून आपण तो सोडून देतो. पापनिवेदनाला जाण्याआधी आपण ज्या गोष्टींची उजळणी करतो, त्यांत हा प्रश्न सहसा नसतोच. पण थोडे थांबून विचार केला, तर या साध्या व्यवहारात न्याय, विश्वास, कष्टकरी माणसाचा मान आणि आपल्या मनातले हेतू असे सारेच येते.

आपल्या धर्मग्रामात तर हा विषय दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. आपल्यापैकी काहींच्या घरी बाई कामाला येते, आणि आपल्यापैकीच काही भगिनी दुसऱ्यांच्या घरी कामाला जातात. रविवारी सारे एकाच वेदीपुढे येतात आणि एकच ख्रिस्तशरीर स्वीकारतात. म्हणून पगार देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी, दोघांनीही या प्रश्नाकडे एकत्र पाहायला हवे.

तोबीतच्या घरातील पगार

जुन्या करारातील तोबीतचे पुस्तक आपल्याला आठवते ते लग्नाच्या मिस्सेतील वाचनामुळे आणि राफाएल देवदूतामुळे. पण या छोट्या पुस्तकात मजुरीविषयीही बरेच काही आहे. तोबीत आपल्या मुलाला उपदेश करतो, त्यात मजुराची मजुरी दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस, लगेच दे, असे बजावतो. पुढे मुलाच्या प्रवासासाठी सोबती हवा असतो. राफाएल माणसाच्या रूपात येतो. तो देवदूत आहे हे तोबीतला ठाऊक नाही. तरीही तोबीत आधी रोजची मजुरी ठरवतो, वर प्रवासखर्च देण्याचे कबूल करतो. प्रवास सुखरूप पार पडल्यावर तो स्वतःहून मुलाला आठवण करतो : या माणसाची मजुरी चुकती कर आणि ठरल्यापेक्षा जास्त दे.

याच पुस्तकात एक दुःखाचा प्रसंगही आहे. तोबीत आंधळा झाल्यावर त्याची पत्नी हन्ना लोकांसाठी विणकाम करून घर चालवू लागली. एकदा मालकांनी तिला पूर्ण मजुरी दिली आणि वर एक करडू बक्षीस दिले. घरात करडाचा आवाज ऐकताच तोबीतला वाटले, हे चोरीचे असणार! हन्नाने परोपरीने सांगितले, पण त्याला पटेना. तोबीत दुष्ट नव्हता, देवभीरू आणि दानशूर होता. तरीही कष्ट करून आलेल्या बाईवर तिच्याच घरात चोरीचा आळ आला. तिच्या शब्दाला आधार देणारे दुसरे काहीच तिच्यापाशी नव्हते.

आजही घरकाम करणाऱ्या बाईची नेमकी हीच अडचण असते. तिने किती काम केले, किती पैसे मिळाले, कोणती वस्तू बक्षीस म्हणून मिळाली, याचा पुरावा म्हणजे फक्त तिचा शब्द. आणि तिच्या शब्दाला आपल्या समाजात वजन कमी.

रोख रकमेची बाजू

रोख पगार म्हणजे मागासलेपणा, असे आज वाटू शकते. इतिहास वेगळे सांगतो. पूर्वी मजुराला धान्य, कपडा, मालकाच्या दुकानातला माल अशा रूपात मोबदला दिला जाई आणि त्यात त्याची लूट होई. म्हणून चलनी नाण्यांत किंवा नोटांत पगार मिळावा, ही कामगारांच्या संरक्षणाची अट झाली. आपल्या देशातील १९३६ सालच्या वेतन प्रदान कायद्यात ती होती. पण तो कायदा कारखान्यांसारख्या ठिकाणांसाठी होता. घरच्या उंबरठ्याच्या आत तो कधी आला नाही. तेथे उरलेले अन्न, जुनी साडी, मुलांचे आखूड झालेले कपडे यांची गणती अजूनही पगारात होते. प्रेमाने दिलेली साडी प्रेमाचीच असावी. ती पगारवाढीच्या जागी देता येत नाही.

घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला अंतिम मान्यता मात्र दिलेली नाही. त्या कराराच्या १२ व्या कलमात हाच विषय आहे. पगार किमान महिन्यातून एकदा, नियमितपणे, थेट कामगारालाच रोख द्यावा. देशाच्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर बँकेतून किंवा धनादेशाने देताना तिची संमती हवी. आपल्या देशात या कामगारांचा आवाज उभा करण्यात एका धर्मभगिनीचा मोठा वाटा आहे. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ साली राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली.

'थेट तिलाच' आणि 'तिच्या संमतीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. खाते तिच्या नावावर असले, तरी एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि मोबाईल मुलाच्या हातात असू शकतो. खात्यात पैसे येताच कर्जाचा हप्ता आपोआप कापला जातो आणि घरात तेलमीठ आणायलाही काही उरत नाही. बँकेत जायचे तर अर्ध्या दिवसाचे काम बुडते. अशा बाईसाठी हातात पडलेल्या नोटा हेच तिच्या ताब्यातले खरे पैसे. उलट दुसऱ्या घरी दारुडा नवरा पगाराच्या दिवशी वाटेतच उभा असतो. तिथे रोख रक्कम घरापर्यंत पोहोचतच नाही. तिच्यासाठी खाते हाच आडोसा. दोघी एकाच गल्लीत राहतात, एकाच इमारतीत काम करतात. कोणीची अडचण कोणती, हे आपल्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

खात्याची बाजू

बँकेतून पगार देण्याचे फायदेही मोठे आहेत. २०१४ साली जनधन योजना सुरू झाल्यापासून किमान शिल्लक न ठेवताही खाते उघडता येते. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली तेव्हा अनेक भगिनींनी बँकांपुढे रांगा लावून खाती उघडली किंवा बंद पडलेली सुरू करून घेतली. दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा होत गेली, की तिच्या कामाची नोंद आपोआप तयार होते. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना ती दाखवता येते. १८ ते ४० वर्षांच्या व्यक्तींसाठी २०१५ साली अटल पेन्शन योजना सुरू झाली. तिचा हप्ता खात्यातूनच जातो आणि साठीनंतर निवृत्तिवेतन मिळते. ज्या कामाला ना भविष्य निर्वाह निधी ना ग्रॅच्युइटी, त्या कामात हा थोडासा आधारही मोलाचा.

२०२० सालच्या टाळेबंदीने आणखी एक गोष्ट दाखवली. इमारतींची फाटके बंद झाली, बायकांना आत येता येईना. पगार द्यायची इच्छा असलेल्या घरांनाही, जिथे खाते क्रमांक ठाऊक नव्हता, तिथे पैसे पोहोचवणे अवघड झाले.

'बँकेतून दिले तर कराची भानगड मागे लागेल' अशी भीती दोन्हीकडे असते. हिशेब करून पाहावा. एखादी बाई चार घरी काम करते आणि प्रत्येक घरी २,५०० रुपये घेते असे धरले, तर महिन्याचे १०,००० आणि वर्षाचे १,२०,००० रुपये होतात. आयकर लागू होण्याच्या मर्यादेपासून ही रक्कम फार दूर आहे. तेव्हा या भीतीला आधार नाही.

पैसे कोणाचे?

दोन्ही बाजू पाहिल्यावर मूळ प्रश्नाशी येऊ. महिना भरला, काम झाले, की ते पैसे आपले राहत नाहीत, तिचे होतात. आपल्या पाकिटात किंवा खात्यात ते असतात ते केवळ ठेव म्हणून. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे सांगितले आहे, कारण त्याचा जीव त्या पैशांत गुंतलेला असतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला धनीही संध्याकाळ होताच मजुरांना बोलावून मजुरी देतो. पैसे तिचे, म्हणून ते कोणत्या रूपात घ्यायचे हे ठरवण्याचा पहिला हक्कही तिचा. आपली सोय नंतर.

येथे दान आणि मजुरी यांतला फरक लक्षात घ्यावा. दान गुप्तपणे द्यावे, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण आहे. पण ती दानाविषयी आहे. मजुरी हे देणे आहे. देण्याची नोंद असावी, ते मोजून द्यावे आणि घेणारीने मान वर करून घ्यावे. पगाराला उपकाराचे रूप दिले, की नोंद नकोशी वाटू लागते.

म्हणून आपल्या निवडीमागचा हेतू तपासायला हवा. काहीही लेखी राहू नये, उद्या तिने रजा, बोनस किंवा थकबाकी मागितली तर हात झटकता यावेत, एवढ्यासाठी रोख बरे वाटते का? की तिच्याशी समोरासमोर बोलणे टळते म्हणून मोबाईलवरून पैसे पाठवणे बरे वाटते? 'तिने मान्य केले होते' एवढ्याने भागत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, की दोन्ही पक्षांनी मान्य केले म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात हाच मुद्दा मांडला होता : गरजेपोटी दिलेला होकार हा खरा होकार नव्हे.

एक अवघड बाब राहते. 'माझा पगार किती ते घरी सांगू नका' असे एखादी बाई म्हणते. हे खोटे बोलणे नव्हे. तिच्या मुलांच्या तोंडचा घास वाचावा म्हणून राखलेले ते मौन आहे आणि आपण ते पाळावे. पण एखाद्या योजनेसाठी पगार कमी दाखवणारा दाखला मागितला, तर तो देऊ नये. नकार देताना मात्र, अडचण काय आहे हे विचारून मदतीचा खरा मार्ग शोधावा.

आपण काय करू शकतो?

१. 'पगार कसा हवा?' हे तिलाच विचारावे. निम्मा हातात, निम्मा खात्यात असेही चालते. पुढे तिची अडचण बदलली, तर पद्धतही बदलावी.

२. खाते तिच्याच नावाचे असावे. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात भरलेला पगार तिला मिळाला असे धरू नये.

३. तारीख पाळावी. 'आज रविवार, बँक बंद' ही सबब आता उरलेली नाही.

४. हिशेब दोघींकडे असावा. आपण दुधाचे हिशेब आणि बाईचे खाडे कॅलेंडरवर मांडतो, पण ते कॅलेंडर आपल्या भिंतीवर असते. तोबीतने आपली चांदी मेदिया देशात ठेवायला दिली तेव्हा करारपत्राचे दोन भाग केले आणि एकेक भाग दोघांनी ठेवला. तशी एक छोटी वही तिच्याकडेही असावी. उचल, खाडे, बोनस, सारे त्यात लिहून, तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे.

५. रोख देताना 'मोजून घे' असे आपणच म्हणावे. भिडेपोटी ती मोजत नाही. खात्यात भरले, तर तोंडी सांगावे, म्हणजे बोलणे तुटत नाही.

६. दिलेली वस्तू सर्वांसमक्ष द्यावी, गरज पडल्यास वॉचमनला सांगावे. हन्नाच्या वाट्याला आलेला आळ कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आपल्या ज्या भगिनी कामाला जातात, त्यांनीही संकोच सोडून आपल्याला काय हवे ते सांगावे. हक्काचे मागणे हा उद्धटपणा नाही.

इटलीतील लुक्का शहरात तेराव्या शतकात संत झिटा होऊन गेली. बाराव्या वर्षी ती एका घरी कामाला लागली आणि १२७२ साली मृत्यू येईपर्यंत त्याच घरी राबली. घरकाम करणाऱ्यांची ती आश्रयदाती संत आहे. तिचा सण २७ एप्रिलला येतो. ज्या ख्रिस्तसभेने मोलकरणीला वेदीवर स्थान दिले, त्या ख्रिस्तसभेचे आपण सभासद. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे, की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. तो आक्रोश आपल्या घरातून उठू नये. येत्या पगाराच्या दिवशी आपण तिला बसायला सांगू या, पाणी देऊ या आणि विचारू या, 'ताई, पैसे कसे दिले तर तुला बरे पडेल?' ती जे सांगेल ते नीट ऐकण्याची बुद्धी प्रभू आपल्याला देवो.