शेरेबहीपलीकडची शाळाभेट

साधारण दहा प्राथमिक शाळांमागे एक केंद्रप्रमुख, ही रचना महाराष्ट्रात 1994 साली आली आणि राज्यभर 4,860 केंद्रे ठरली. शिक्षकाला वर्गात अडचण आली तर मदतीला येईल असा जाणता माणूस जवळपास असावा, हा तिचा हेतू होता. आज केंद्रप्रमुखाचा दिवस यू-डायसची माहिती, पोषण आहाराचे तक्ते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'तात्काळ' म्हणून आलेले नमुने भरून घेण्यात जातो. कित्येक पदे वर्षानुवर्षे रिकामी असल्याने एकेकाकडे दुसऱ्या केंद्राचाही अतिरिक्त कार्यभार असतो. शाळाभेट झालीच तर हजेरीपट आणि टाचणवही पाहायची, शेरेबहीत चार ओळी लिहायच्या आणि पुढच्या शाळेकडे निघायचे, असा तिचा शिरस्ता पडला आहे. शिक्षकांचे शिकवणे सुधारायचे असेल तर आणखी एक प्रशिक्षण आखण्याआधी ही भेट बदलली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ती बदलायची तर भेट देणाऱ्याला वर्गाकडे पाहण्याची आपली नजरही बदलावी लागेल.

तपासणाऱ्याच्या आणि मार्गदर्शकाच्या नजरेतला फरक एका साध्या गणितात दिसतो. तिसरीतली मुले 52 मधून 27 वजा करून 35 उत्तर लिहितात. तपासणीला आलेला अधिकारी ‘हातच्याच्या वजाबाकीचा अधिक सराव घ्यावा’ असा शेरा मारतो. शिक्षक सराव घेतात आणि मुले तीच चूक अधिक सफाईने करतात. मार्गदर्शकाच्या वृत्तीने आलेला माणूस आधी पाच-सहा वह्या चाळतो. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सातातून दोन वजा केले आहेत. त्यांच्या लेखी ‘मोठ्यातून लहान काढायचे’ हाच नियम आहे. तो शिक्षिकेला विचारतो, ‘मॅडम, मुलांनी असं का केलं असेल?’ उत्तर तो स्वतः देत नाही. दोघे मिळून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन एक दशक सुटा करण्याचा तास आखतात. गरज पडली तर मार्गदर्शक तो तास स्वतः घेतो आणि शिक्षिका मुलांकडे पाहत बसतात. पुढच्या भेटीत याच वह्यांपासून बोलणे सुरू होते. अशा भेटीत शिक्षिकेच्या हाती सूचना येत नाही, मुलांच्या चुकीमागचा विचार ओळखण्याची सवय येते. ही सवय पुढच्या प्रत्येक पाठात कामी येते.

याला पुरावा आहे का? संशोधक मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अशा मार्गदर्शनावरच्या 60 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिकवण्याच्या पद्धतीत सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाइतकी सुधारणा दिसली. मुलांच्या संपादणुकीतली वाढ त्याहून लहान, 0.18 होती. आपल्याला अधिक जवळचा पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्थ वेस्ट प्रांताचा आहे. तिथे पहिली-दुसरीच्या सेत्स्वाना भाषेतल्या वाचनासाठी काही शाळांतल्या शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिले गेले, तर काही शाळांत मार्गदर्शक नियमितपणे वर्गात गेले. पाठांचे आराखडे आणि वाचनसाहित्य दोन्हीकडे सारखेच होते. दोन वर्षांनी वर्गातल्या सोबतीचा परिणाम प्रशिक्षणाच्या जवळपास दुप्पट भरला: 0.12 च्या तुलनेत 0.24. सोबतीला खर्च जास्त लागला, पण मिळालेल्या फायद्याशी ताडून पाहता तीच स्वस्त पडली.

यावर पहिला आक्षेप असा, की शाळेत वेळेवर न येणाऱ्या किंवा शिकवायचेच टाळणाऱ्या शिक्षकाला सोबत काय कामाची? त्याला धाकच हवा. आक्षेप खरा आहे, म्हणून तपासणी बंद करा असे कोणी म्हणणार नाही. ती गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकाऱ्यांनी जरूर करावी. मात्र ज्याच्या हाती कारवाईचा कागद आहे, त्याच्यासमोर ‘मला अपूर्णांक शिकवायला जमत नाहीत’ अशी कबुली कोणताही शहाणा माणूस देणार नाही. ती कबुली मिळाल्याशिवाय मदत सुरूच होत नाही. शिवाय कामचुकारांसाठी बेतलेल्या व्यवस्थेने कामसू शिक्षकाला वागवले, तर तोही हळूहळू कागद रंगवण्यात तरबेज होतो. म्हणून दोन कामे दोन माणसांकडे हवीत. मनुष्यबळाअभावी एकाकडेच ठेवावी लागली, तर निदान मार्गदर्शनाच्या भेटीची नोंद गोपनीय अहवालात जाणार नाही, एवढी हमी लेखी हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. थोड्या शिक्षकांवर साधते ते लाखांवर साधेल का? क्राफ्ट यांच्याच आढाव्यात मोठ्या कार्यक्रमांचा परिणाम लहान कार्यक्रमांपेक्षा बराच कमी दिसतो. पसारा वाढला की चांगले मार्गदर्शक मिळेनासे होतात आणि भेटी उरकल्या जातात. तरीही केनियाने 2015 पासून ‘तुसोमे’ या वाचन कार्यक्रमात सरकारी यंत्रणेतल्याच अधिकाऱ्यांना टॅब्लेट देऊन वर्गनिरीक्षणाला आणि शिक्षकांशी चर्चेला जुंपले, आणि देशभरात मुलांचे वाचन सुधारले. याचा अर्थ केवळ वृत्ती पुरत नाही. तिला विषयाचे ज्ञान, भेटीचा ठरलेला आराखडा आणि हाताशी चांगले साहित्य लागते. गोड बोलणारा, पण वजाबाकी कुठे अडते हे न कळणारा मार्गदर्शक शिक्षकाचा तास खातो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. ते सगळे तास सभागृहात आणि मोबाइलच्या पडद्यासमोर संपवू नयेत. त्यांतले निम्मे शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात खर्ची पडावेत. त्यासाठी केंद्रप्रमुखांची पदे भरावीत, माहिती गोळा करण्याचे काम लिपिकाकडे द्यावे आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी मार्गदर्शकांना विषय आणि संवाद दोन्हींत तयार करावे. आणि केंद्रप्रमुखांनी शासन निर्णयाची वाट न पाहता पुढच्या भेटीत टाचणवहीआधी मुलांच्या वह्या उघडाव्यात. एवढ्याला कोणाची मंजुरी लागत नाही.