दुसऱ्यांदा घेतलेली सायकल

एकदा अंगवळणी पडलेली सायकल माणूस जन्मात विसरत नाही असे म्हणतात, आणि ते बहुतांशी खरे आहे. वीस-बावीस वर्षांच्या खंडानंतर आम्ही नुकतीच नवी सायकल घेतली, तेव्हा आरंभीची थोडी डळमळ सोडल्यास तोल आपोआप सावरला गेला. मायकेल पोलान्यी ह्या विचारवंताने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पर्सनल नॉलेज’ ह्या ग्रंथात नेमके हेच उदाहरण घेतले आहे. ज्या बाजूस तोल जाईल त्याच बाजूस हँडल वळवून स्वार स्वतःस सावरतो. परंतु आपण असे करतो, हे बहुतेक स्वारांस सांगता येत नाही. शरीरास ठाऊक असलेले सारेच वाणीस ठाऊक नसते. येथवर प्रश्न सोपा आहे. तोल परत आला. परत आला नाही तो निःसंकोचपणा.

आमचे शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जात होते, त्या काळी गुलमंडीच्या गर्दीतून आम्ही सायकल दामटीत असू. आपण लोकांस कसे दिसतो, हा विचार तेव्हा मनास शिवत नसे. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. आमचेही वय आणि पायरी बदलली. आता क्रांती चौकात सिग्नलपाशी एक पाय टेकून उभे राहिले, की शेजारच्या मोटारीत कोणी ओळखीचे तर नाही ना, इकडे नजर प्रथम जाते. परवा शेजारच्या काकांनी फाटकातूनच विचारले, “गाडी बिघडली वाटतं?” तेव्हा डॉक्टरांचे नाव पुढे करावे, असा क्षणभर मोह झाला. सायकलीस कारण लागते. मोटारीस ते कोणी विचारीत नाही.

ह्या लाजेचे मूळ वाहनात शोधणे व्यर्थ होय. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली बेळगावात सायकलींचा व्यापार आरंभिला, तेव्हा ती सधनांच्या मिरवण्याची वस्तू होती. पुढे ती पोस्टमन, गवळी व कारकून ह्यांची झाली. १९८५ साली आमच्याच शेजारी वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि घरोघरी फटफट्या आल्यावर सायकल म्हणजे जिला पर्याय नाही अशा माणसाची खूण ठरली. आज दुकानात गियरच्या सायकलींच्या किमती ऐकाव्यात, तर त्यांतील काहींच्या मोबदल्यात जुनी मोटारसायकल सहज यावी! चाके दोनच राहिली. त्यांच्याकडे पाहणारे डोळे मात्र किती वेळा पालटले!

खरा पेच निराळाच आहे. सकाळी जालना रस्त्याने निघाले, की कॅरिअरला डबा अडकवून चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे जाणारे कामगार भेटतात. सेव्हन हिल्सच्या पुलाचा चढ त्यांस आणि आम्हांस सारखाच; समोरचा वाराही सारखाच. परंतु आम्हांस वाटेल त्या दिवशी मोटार काढता येते, त्यांस येत नाही. मग आमच्या ह्या साधेपणास गुण म्हणावे काय? आमच्या मते म्हणू नये. मनास येईल तेव्हा उतरवून ठेवता येणारा साधेपणा हा फार तर छंद होय, आणि डोक्यावरील चकचकीत शिरस्त्राणासह त्याची मिजास मिरविणे हे त्याच जुन्या लाजेचे दुसरे रूप होय.

तर मग हा सारा खटाटोप निरर्थक, असे कोणी म्हणेल. तेही आम्हांस मान्य नाही. मोटारीच्या काचेआडून सायकलस्वार हा रस्त्यातील अडथळा भासतो. तो कडेने का जात नाही, असे वाटत राहते. खोगिरावर बसल्यावर कळते, की डांबर फुटते ते कडेलाच, वाळू साचते ती कडेलाच, आणि रिक्षा अवचित थांबते तीही तेथेच. मागून भोंगा वाजला असता पाठीचा कणा कसा ताठरतो, हे वाचून कळत नाही. ते पोलान्यीच्या तोलासारखे अंगानेच शिकावे लागते.

आमची मोटार अद्याप दारात आहे, आणि आठवड्यातून दोनदा तरी ती निघतेच. त्या दिवशी पुलाच्या चढावर डबेवाल्या सायकलीमागे वेग उतरवून, भोंग्यास हात न लावता, चढ संपेपर्यंत जावे लागते. मागच्या गाड्यांस ते मुळीच आवडत नाही.