देणे आणि देणेकऱ्याचे उरलेपण

धर्मशास्त्राने कर्जाला दोन माणसांमधला नुसता व्यवहार मानले नाही. ते न फेडता मरणाऱ्याला परलोकीही सुटका नाही, या श्रद्धेतून पित्याचे देणे पुत्रावर आले, मात्र दारू-जुगारासाठी काढलेले कर्ज त्यातून वगळले गेले. हे बंधन न्यायालयेही मानत असत. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेने ते नव्या कर्जांपुरते संपवले.

आज मालवणात पैशाचा हुकूमनामा, म्हणजे रक्कम देण्याचा न्यायालयाचा आदेश, पाळला गेला नाही, तर धनको अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करतो आणि बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन दारी येतो. तरीही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० त्याला काही वस्तूंना हात लावू देत नाही : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाही असे मंगळसूत्रासारखे दागिने. माणसाचे सर्वस्व विकाऊ नसते, हे इथे कायद्यानेच मान्य केले आहे. परंतु त्याच कलमात शेतकऱ्याची अवजारे, गुरे व बियाणे नावानिशी येतात, रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे, जाळे मात्र येत नाही. ते कारागिराचे हत्यार ठरते, हे मच्छीमाराला युक्तिवादाने पटवावे लागते, आणि किनाऱ्यावरच्या जिल्ह्यासाठी ही उणीव अन्यायकारक आहे.

जप्तीपलीकडे देण्यातून सुटण्याची वाटही आहे : १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली, मालमत्ता न्यायालयाच्या हवाली करणाऱ्या ऋणकोला मुक्ततेचा आदेश मिळू शकतो. कपटाने केलेले देणे मात्र त्यानंतरही अंगावर राहते.