आवरलेला हात

सेवा करणाऱ्याच्या हातून अन्याय घडू शकतो काय? दुर्लक्ष करणाऱ्याला आपण सहज दोषी ठरवतो; परंतु दुसऱ्यासाठी अहोरात्र झटणाऱ्याकडे संशयाने पाहण्यास मन धजत नाही. मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला एका कुंडीमुळे.

आमच्या शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका पावसाळा सरताच काही महिन्यांसाठी लेकीकडे गेल्या. जाताना त्यांनी कलांचोची कुंडी माझ्या स्वाधीन केली. जाड, रसाळ पानांचे ते वीतभर झाड. ‘‘थंडीत फुलेल. ह्याला फारसे काही लागत नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या. मी ते सौजन्याचे बोलणे समजलो. दुसऱ्याची ठेव, तिच्यात कसूर नको, म्हणून मी तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. सतत नजरेसमोर असावी म्हणून व्हरांड्यातील दिव्याखाली ठेवली. तो दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असे.

थंडी आली, पण कळ्या आल्या नाहीत. पुढे पाने मऊ पडून माना टाकू लागली. झाड तहानलेले दिसते, असे वाटून मी पाणी आणखी वाढवले. देठ बुडाशी काळा पडला, तेव्हा कुठे मी माहीतगारांना विचारले.

कलांचो मूळचा मादागास्करचा. पाणी तो पानांतच साठवून ठेवतो. दिवसा उन्हात पर्णरंध्रे उघडली तर हा साठा उडून जाईल, म्हणून तो ती प्रामुख्याने रात्री उघडतो, त्या वेळी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतो आणि आम्लाच्या रूपाने सकाळपर्यंत राखून ठेवतो. त्याचीच भावंड असलेली पानफुटी आपल्या परसात असते. बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असताना तिची पाने चाखून पाहिली होती. सकाळी ती आंबट लागतात, दुपारी बेचव होतात, असे त्याने कळवले. त्याचे ते पत्र १८१५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

अशा झाडाच्या मुळाशी पाणी साचले, तर मातीतील हवा नाहीशी होते आणि मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असलेले झाडही तहानेने कोमेजल्यासारखे दिसते. अतिरेकाचे लक्षण आणि अभावाचे लक्षण एकच! फुलांचेही तसेच. कळ्या धरण्यासाठी कलांचोला लांबलचक, अखंड रात्री लागतात. हमखास फुले हवी असणारे माळी त्याला रोज सुमारे १४ तास अंधारात ठेवतात, तेही जवळपास ६ आठवडे. माझ्या दिव्याने ती रात्रच हिरावून घेतली होती.

मार्चमध्ये बाई परतल्या. मी कुंडी पुढे ठेवली आणि अपराध कबूल केला. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ काळा देठ न्याहाळून म्हणाल्या, ‘‘आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला होता, आठवतं? बोटं थोडी हलू लागली होती. पण घास तोंडाशी नेताना हात थरथरायचा, सांडायचं. मला ते बघवेना. मीच भरवू लागले. दोन वर्षं भरवलं. लोक म्हणायचे, केवढी सेवा! तो हात पुन्हा उचलला गेला नाही.’’

त्यांच्या निष्ठेबद्दल कोणाला शंका नव्हती, मलाही नाही. आजार किती आणि सवय किती, हे आता कोण सांगणार? परंतु ‘मला ते बघवेना’ या शब्दांपाशी मी थबकलो. दुसऱ्याची धडपड पाहताना आपल्याला होणारी व्यथा शमवावी, म्हणून आपण कितीदा धावून जातो! घालतो ते पाणी त्याच्या मुळाशी जाते खरे, पण तहान आपली भागते.

मग हात आवरावा, तर तो निर्दयपणा ठरणार नाही काय? दूर राहणारा निष्काळजी आणि हात आवरणारा प्रेमळ, बाहेरून दोघे सारखेच दिसतात. भेद आहे तो पाहण्यात. निष्काळजी माणूस पाहतच नाही. दुसरा रोज मातीत बोट घालून ओल तपासतो, आज गरज नाही असे ठरवतो आणि रिकाम्या हाताने परततो. गरज असेल त्या दिवशी मात्र भरपूर पाणी घालतो. समोरच्याचा स्वभाव जाणून घेण्याचे कष्ट त्याने घेतलेले असतात. ते कष्ट टाळून केलेली सेवा कितीही मोठी असली, तरी आंधळीच.

बाईंनी त्या झाडाचा एकुलता एक निरोगी शेंडा कापला, जखम सुकावी म्हणून दोन-तीन दिवस सावलीत ठेवला आणि भरड वाळू मिसळलेल्या मातीत खोवला. तळाला भोक असलेली ती कुंडी त्यांनी पुन्हा माझ्याच हाती दिली. हा विश्वास मला जड गेला.

आता मी रोज सकाळी तिच्यापाशी जातो. माती ओलसर असली की हात मागे घेतो. संध्याकाळी व्हरांड्यातला दिवा लावत नाही.